झेडपी, अनुदानित की कॉन्व्हेंट? हायस्कूलची पारख कशी करायची

"गुरुजी, पोराले कॉन्व्हेंटात टाकू का झेडपीतच राहू देऊ?" हा प्रश्न मला दरवर्षी मे महिन्यात विचारला जातो. तोवर बहुतेकांचं ठरलेलं असतं आणि माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. निकालाचं फ्लेक्स पाहिलेलं असतं, पिवळी बस गावात येऊन गेलेली असते, फीचा पहिला हप्ता कापसाच्या पैशातून बाजूला काढून ठेवलेला असतो. वर्गात गणित कोण शिकवणार आहे, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं.

मी बावीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवलं, काही वर्षं जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये आणि पुढे एका अनुदानित शाळेत. दोन्हीकडे उत्तम वर्ग पाहिले आणि दोन्हीकडे वाया गेलेली वर्षंही पाहिली. "सरकारी चांगली की खाजगी" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तुमच्या घरापासून जाता येईल अशा तीन-चार शाळांपैकी तुमच्या लेकराला नववी-दहावी नीट कुठे शिकवतील, याचं उत्तर मात्र काढता येतं. त्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि कामं एका क्रमानं करावी लागतात. क्रम चुकला की माहिती असूनही निर्णय चुकतो.

## सुरुवात कधी करायची

मुलगा किंवा मुलगी सातवीत असेल (गावची शाळा आठवीपर्यंत असेल तर आठवीत), तर डिसेंबर-जानेवारीत लागा. तेव्हा शाळा भरात असतात. दहावीची सराव परीक्षा जवळ आलेली असते, वह्या निम्म्याहून जास्त भरलेल्या असतात आणि शिक्षक खरोखर वर्गावर जातात की नाही ते दिसतं. आपल्याकडे विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. मे-जूनमध्ये शाळा पाहायला गेलात तर रंगवलेल्या भिंती आणि प्रवेशाचं टेबल दिसेल, शिकवणं दिसणार नाही.

> सावधान: दहावीत शाळा बदलायचा विचार मनात ठेवून नववीला कुठेही प्रवेश घेऊ नका. दहावीत बदल करायचा तर परवानग्यांसाठी हेलपाटे घालावे लागतात आणि बोर्डाचा फॉर्म अडकण्याची भीती असते. नववीची शाळा म्हणजेच दहावीची शाळा, असं धरून चाला.

## पायरी १ : शाळेचा प्रकार नक्की करा

"सरकारी" आणि "खाजगी" अशा दोनच पेट्या नाहीत. आपल्या भागात साधारण इतके प्रकार भेटतात:

- जिल्हा परिषद किंवा नगर परिषदेचं हायस्कूल
- संस्थेची अनुदानित शाळा. संस्था खाजगी असते, शिक्षकांचा पगार शासन देतं
- अंशतः अनुदानित शाळा. पगाराचा काही टक्के भागच शासनाकडून येतो
- विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळा. लोक जिला "कॉन्व्हेंट" म्हणतात ती बहुधा यात मोडते. सगळा खर्च फीमधून भागतो
- आदिवासी विकास विभागाची शासकीय किंवा अनुदानित आश्रमशाळा
- जवाहर नवोदय विद्यालय. तिथे सहावीला आणि रिकाम्या जागांसाठी नववीला निवड परीक्षा असते

सगळ्यात मोठी गल्लत अनुदानित शाळेबाबत होते. तालुक्याच्या गावातली जुनी "विद्यालयं" लोक खाजगी समजतात आणि तिथेही मोठी फी असेल म्हणून चौकशीच करत नाहीत. प्रत्यक्षात तिथली फी नाममात्र असते आणि शिक्षक पात्रतेनुसार नेमलेले असतात. माझ्या मते ग्रामीण विदर्भातल्या बऱ्याच कुटुंबांसाठी खरी तुलना झेडपी हायस्कूल आणि अनुदानित विद्यालय यांच्यातच करायची असते, पण त्यांच्या यादीत अनुदानित विद्यालय नसतंच.

तपासा: शाळेची मान्यता कोणत्या वर्गापर्यंत आहे? काही कॉन्व्हेंटना आठवीपर्यंतचीच मान्यता असते. मग नववी-दहावीची मुलं बसतात याच इमारतीत, पण पटावर नाव असतं दुसऱ्याच शाळेचं. राज्य मंडळाची शाळा असेल तर दहावीचा इंडेक्स नंबर मागा, सीबीएसई म्हणत असतील तर संलग्नता क्रमांक मागा. "प्रक्रिया चालू आहे" असं उत्तर आलं तर ती शाळा यादीतून काढा. हे काम पहिल्याच दिवशी करा, बाकी सगळं नंतर.

## पायरी २ : आधी आपल्या लेकराची पातळी मोजा

शाळा मोजण्याआधी मुलाला मोजायचं, कारण एकच शाळा दोन मुलांसाठी सारखी चांगली नसते. एका रविवारी घरीच तासभर काढा:

1. सातवीच्या मराठी पुस्तकातलं न वाचलेलं एक पान मोठ्यानं वाचायला द्या आणि काय वाचलं ते सांगायला लावा.
2. अपूर्णांकांची बेरीज, दशांश भागाकार, शेकडेवारी आणि ऋण संख्यांची वजाबाकी, अशी प्रत्येकी तीन गणितं द्या.
3. इंग्रजीच्या पुस्तकातली पाच वाक्यं वाचून अर्थ सांगायला सांगा.

घरात कोणाला तपासता येत नसेल तर गावच्या गुरुजींकडे वही न्या, ते तपासून देतील.

बारापैकी आठ-नऊ गणितं जमत असतील तर मूल कुठल्याही बऱ्या शाळेत उभं राहील. चार-पाचच जमत असतील, तर मागचं भरून काढणारी शाळा हवी. अशा मुलाला "कडक" म्हणून नाव असलेल्या शाळेत टाकणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक आहे. पोरगं मागच्या बाकावर गप्प बसतं आणि नववीच्या शेवटी घरी निरोप येतो, "याला सतरा नंबरचा फॉर्म भरा," म्हणजे शाळेबाहेरून दहावीला बसवा.

माध्यमाचा निर्णयही इथेच घ्या. सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला आठवीत एकदम पूर्ण इंग्रजी माध्यमात टाकलं, तर इतिहास-भूगोलसुद्धा पाठांतर होऊन बसतो. सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून असतं. पुढे अकरावी विज्ञान करायचं असेल तर हा मधला रस्ता पुष्कळांना मानवतो. झेडपी आणि अनुदानित शाळांतही सेमीच्या तुकड्या असतात, त्यामुळे "इंग्रजीसाठी कॉन्व्हेंटच लागतं" हे गृहीत धरू नका. सेमीच्या वर्गात विज्ञानाचे सर प्रत्यक्षात कोणत्या भाषेत समजावतात, ते पायरी ५ मध्ये पाहायचं आहे.

## पायरी ३ : निकालाचा खरा हिशोब काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सनं जितक्या पालकांना चकवलं आहे तितकं दुसऱ्या कशानं चकवलेलं नाही.

### ३.१ पास होणं म्हणजे काय, ते समजून घ्या

राज्य मंडळाच्या दहावीत १०० गुणांच्या विषयात ८० गुण लेखीचे आणि २० गुण शाळेकडून मिळणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. पास व्हायला ३५ लागतात. शाळेनं २० पैकी १८ दिले, तर मुलाला लेखी पेपरात ८० पैकी १७ पुरतात. हे २० गुण किती वजनदार आहेत ते एकदा दिसून आलं आहे. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते, अभ्यासक्रमही नवा होता. त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि नागपूर विभागाचा ६७.२७ टक्क्यांवर. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात राज्यातले शिक्षक इतके सुधारले नव्हते. म्हणून नुसत्या पासच्या टक्केवारीवरून शाळेला चांगलं किंवा वाईट म्हणू नका.

मुलाची टक्केवारीही जपून वाचा. ती "बेस्ट ऑफ फाइव्ह" म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांवर काढलेली असते, आणि खेळ किंवा चित्रकलेचे वाढीव गुणही त्यात असू शकतात. गणितात ४५ असलेलं मूलसुद्धा फ्लेक्सवर ८५ टक्क्यांनी झळकू शकतं.

### ३.२ नववीत किती होते, ते विचारा

आठवीपर्यंत मुलं सहसा वरच्या वर्गात जातात, खरी चाळणी नववीत लागते. निकाल शंभर टक्के दाखवायचा सोपा उपाय म्हणजे कच्च्या मुलांना दहावीला बसूच न देणं. काहींना नववीत नापास करतात, काहींच्या हाती टीसी देतात, काहींना खाजगीरीत्या सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात.

समजण्यासाठी दोन काल्पनिक शाळा घेऊ.

शाळा 'अ' मध्ये नववीच्या पटावर ६२ मुलं होती. पुढच्या वर्षी दहावीला ४४ बसली आणि ४४ पास झाली. फ्लेक्सवर लिहिलं: १०० टक्के.

शाळा 'ब' मध्ये नववीला ५८ होती. दहावीला ५५ बसली, ५० पास झाली. निकाल ९१ टक्के.

आता नववीच्या पटावरून मोजा. 'अ' मध्ये ६२ पैकी ४४, म्हणजे ७१ टक्के. 'ब' मध्ये ५८ पैकी ५०, म्हणजे ८६ टक्के. तुमचं मूल मधल्या किंवा मागच्या फळीतलं असेल तर 'अ' मध्ये ते त्या गळालेल्या अठरांत असण्याचा धोका आहे.

गळती दिसली म्हणून लगेच शाळेवर ठपका ठेवू नका. कोणाचं कुटुंब कामासाठी नागपूरला किंवा पुण्याला गेलं असेल, कोणी आजारपणानं सुटलं असेल, एखाद्या मुलीचं लग्न लावून दिलं असेल. कारण विचारा. दोन-तीन मुलं कमी झाली तर ते समजण्यासारखं आहे, पण दरवर्षी दहा-पंधरा कमी होत असतील तर ती शाळेची पद्धत आहे.

हे आकडे मिळवायचे कुठून? यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी कोड किंवा नाव टाकून वर्गवार पट आणि शिक्षकसंख्या पाहता येते. गावातल्या सेतू केंद्रावर किंवा कॉलेजच्या मुलाकडून ते काढून घ्या. मागच्या वर्षीची नववी आणि या वर्षीची दहावी शेजारी लिहा.

### ३.३ मधल्या मुलाचे गुण काढा

पहिला आलेला मुलगा सगळ्या शाळांना मिळतो. शाळा काय करते ते मधल्या मुलावरून कळतं. मुख्याध्यापकांकडे दहावीच्या निकालाचा एकत्रित तक्ता असतो. तो पाहू द्या म्हणा आणि नावं झाकायला सांगा, म्हणजे ते संकोचणार नाहीत. गुण उतरत्या क्रमानं लावल्यावर ४१ मुलांत एकविसावं मूल कुठे आहे ते बघा. मग तेच गणित आणि विज्ञान या विषयांसाठी स्वतंत्र करा.

प्रावीण्य श्रेणीत (७५ टक्के आणि वर) किती आणि नुसते पास किती, हेही लिहून घ्या.

तपासा: एका वर्षावर जाऊ नका, तीन वर्षांचा निकाल घ्या. खेड्यातले वर्ग लहान असतात. १८ मुलांच्या वर्गात एक नापास झालं की निकाल साडेपाच टक्क्यांनी उतरतो.

शाळा माहिती देत नसेल तर झेडपी आणि अनुदानित शाळेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवायचा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. विनाअनुदानित शाळेची जी माहिती शासनाकडे जमा होते ती जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाकडे मागता येते. बहुतेक वेळा मात्र इथवर जावं लागत नाही. मुख्याध्यापकांशी नीट बोललं की कागद पुढे येतो.

### ३.४ आपल्याच गावची मुलं शोधा

माझ्या अनुभवात तुलनेचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग हाच आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

प्रवेश परीक्षा घेऊन हुशार मुलं उचलणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागणारच. ज्या घरात आई-बाप शिकलेले आहेत आणि शिकवणीला पैसे आहेत तिथली मुलं कुठेही गेली तरी बरी निघतात. त्यात शाळेनं किती भर घातली ते निकालाच्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. म्हणून सारख्या पायावरून निघालेली मुलं शोधायची. तुमच्या गावच्या झेडपी शाळेतून गेल्या चार-पाच वर्षांत कोण कोण कुठल्या हायस्कूलला गेलं याची यादी करा. ही सगळी एकाच गुरुजींच्या हाताखालून गेलेली, एकाच गावची, साधारण सारख्याच परिस्थितीतली असतात. गावच्या गुरुजींना विचारा, "सातवीत हे लेकरू कसं होतं?" हुशार, मध्यम, कच्चं, इतकंच लिहा. पुढे दहावीला गणितात किती मिळाले आणि आज काय करतं आहे, ते लिहा.

एकेका शाळेची पाच-सहा नावं मिळाली तरी चित्र उभं राहतं. सातवीत मध्यम असलेली मुलं एका शाळेतून गणितात सत्तरीत निघाली आणि दुसऱ्या शाळेतून चाळिशीत, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

> सावधान: ही यादी करताना फक्त यशस्वी मुलं आठवतात. जी मधूनच सुटली, जी आज वावरात किंवा दुकानावर आहेत, त्यांची नावं आधी लिहा.

आणखी एक धागा धरा: अकरावी. दहावीला ८५ टक्के घेतलेली मुलं अकरावी विज्ञानाच्या गणितात, भौतिकशास्त्रात तग धरतात का? एखाद्या शाळेची मुलं एकामागून एक अकरावीत कोसळत असतील तर दहावीचे गुण अभ्यासातून आले की परीक्षा केंद्राच्या कृपेनं, हा प्रश्न पडायलाच हवा. कॉपीचं नाव निघालं की आपल्याकडे लोक गप्प बसतात. आपल्या लेकरासाठी तरी तुम्ही बसू नका.

## पायरी ४ : शिक्षकांचा तक्ता भरा

गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांसाठी प्रत्येक शाळेत हे चार प्रश्न विचारा:

1. नववी-दहावीला हा विषय कोण शिकवतं? त्यांचा पदवीचा विषय कोणता होता?
2. ते या शाळेत किती वर्षांपासून आहेत?
3. मागच्या तीन वर्षांत हा विषय किती जणांनी शिकवला?
4. पद भरलेलं आहे की तासिका तत्त्वावर कोणी येतं?

दोन्ही बाजूंचं दुखणं वेगवेगळं असतं. झेडपी हायस्कूलमध्ये शिक्षक पात्र असतो, पण पद रिकामं राहिलं तर वर्षवर्ष भरलं जात नाही आणि मराठीच्या सरांवर विज्ञानाचा तास येतो. शिवाय निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं लागतात. विनाअनुदानित शाळेत वर्ग सहसा रिकामा दिसत नाही, पण पगार इतका तुटपुंजा असतो की चांगला तरुण शिक्षक दुसरी नोकरी लागली की निघून जातो, तेही वर्षाच्या मध्यात.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडलं. निकाल पाहून आम्ही शाळा निवडली. गणिताच्या ज्या सरांमुळे तो निकाल लागत होता ते सप्टेंबरात सोडून गेले, आणि जानेवारीपर्यंत तीन जण बदलले. बीजगणिताची तीन प्रकरणं तिनं घरी माझ्याकडे केली. निकालाचा कागद मी पाहिला होता, पण तो निकाल कोणाच्या जोरावर लागतो आणि तो माणूस टिकणार आहे का, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून हा तक्ता निकालाच्या तक्त्याशी जोडून वाचा. निकाल चांगला असून शिक्षक तोच राहिला असेल तर भरवसा ठेवा. शिक्षक बदलला असेल तर जुना निकाल बाजूला ठेवा. उलटंही होतं: दोन वर्षं खराब निकाल देणाऱ्या झेडपी शाळेत गणिताचं पद नुकतंच भरलं असेल, तर तिला यादीतून घाईनं काढू नका.

तपासा: शिक्षक खरोखर वर्गावर जातात का, हे वेळापत्रक पाहून कळत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

## पायरी ५ : शाळेत जा आणि वह्या पाहा

प्रत्येक शाळेत दोनदा जा. एकदा मुख्याध्यापकांना सांगून आणि एकदा मधल्या सुट्टीच्या सुमारास न सांगता. इमारतीवर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. छत गळत नाही, मुलींसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे, प्यायला पाणी आहे, इतकं पाहिलं की पुरे. संगणक कक्षाला कुलूप असेल तर नसल्यातच जमा धरा.

वेळ द्यायचा तो वह्यांना. नववीतल्या तीन मुलांच्या गणिताच्या वह्या मागा, पण मॉनिटरच्या नकोत. खिडकीजवळचा, मधला आणि शेवटच्या बाकावरचा, असे तुम्हीच निवडा. मग पाहा:

- तारखा सलग आहेत का? मध्ये पंधरा दिवस कोरे असतील तर का?
- सोडवलेलं गणित मुलाच्या चुकांसकट आहे का? तिन्ही वह्या अक्षरशः सारख्या असतील तर मुलं फळ्यावरून उतरवून घेत आहेत.
- चुकीवर नुसती फुली आहे की पायरी कुठे चुकली ते दाखवलं आहे? तीच गणितं पुन्हा करून घेतली आहेत का?
- डिसेंबरअखेर किती प्रकरणं झाली?

प्रयोगशाळेत प्रयोगवही मागा आणि एखाद्या मुलाला विचारा, "यातला कोणता प्रयोग तू स्वतःच्या हातानं केलास?" उत्तर द्यायला तो किती वेळ लावतो, तेवढ्यातच कळतं.

जमलं तर वर्गाबाहेर पाच मिनिटं थांबा. सेमीच्या तुकडीत सर नुसतं इंग्रजी वाक्य वाचून पुढे जातात, की "म्हणजे काय" हे मराठीत उलगडून पुन्हा इंग्रजीवर येतात, ते ऐका. नुसतं वाचणाऱ्या वर्गात तुमचं मराठी माध्यमातलं मूल बुडेल.

हजेरीही विचारा, आणि ती कापूस वेचणीच्या दिवसांतली विचारा. दिवाळीच्या आसपास आणि नंतर निम्मा वर्ग शेतात असेल, तर शाळा ती मुलं परत आल्यावर काय करते? जादा तास घेते का? ज्या शाळेकडे या प्रश्नाचं तयार उत्तर असतं तिला कास्तकाराची लेकरं कशी शिकतात ते ठाऊक असतं.

## पायरी ६ : मुलांना विचारा, पण नेमकं विचारा

"शाळा कशी आहे?" असं विचारलं तर "छान" हेच उत्तर येणार. बसस्टॉपवर, घरी, बाजारात भेटलेल्या नववी-दहावीच्या मुलांना असं विचारा:

- मागच्या आठवड्यात गणिताचे किती तास झाले?
- समजलं नाही तर सरांना विचारता का? विचारलं तर काय म्हणतात?
- शिकवणीला जातोस का? तिथे कोण शिकवतं?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. निम्मा वर्ग तालुक्याच्या शिकवणीला जात असेल तर निकालाचं श्रेय शाळेचं नाही, आणि शिकवणीचा खर्च तुमच्याही माथी येणार आहे. शाळेतलेच सर संध्याकाळी शिकवणी घेत असतील, तर न येणाऱ्या मुलांना वर्गात किती लक्ष मिळतं तेही विचारा.

## पायरी ७ : आता पैशाचं बोला

फी मुद्दामच शेवटी ठेवली आहे. आधी फी पाहिली की महाग ते चांगलं किंवा स्वस्त ते बरं, असं मन ठरवून बसतं. हिशोब आठवी ते दहावी असा एकत्र करा: फी, गणवेश, पुस्तकं, बस, शिकवणी.

या गोष्टी लोकांच्या लक्षात राहत नाहीत:

आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) मोफत प्रवेश आठवीपर्यंतच असतो. पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून कॉन्व्हेंटात गेलेल्या मुलाची फी नववीपासून भरावी लागते. दरवर्षी कितीतरी पालकांना हे नववीच्या दारात कळतं.

मोफत पुस्तकं आणि पोषण आहारही आठवीपर्यंतच असतात. झेडपी शाळेतही नववीची पुस्तकं विकत घ्यावी लागतात.

एनएमएमएस शिष्यवृत्ती. आठवीत ही परीक्षा देऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असावं लागतं. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की हा हक्क जातो. या परीक्षेला शाळेतून किती मुलं बसतात आणि किती निवडली जातात, हा आकडा पायरी ३ च्या वहीतही लिहा. मुलांकडे लक्ष देणारी शाळा ती तयारी करून घेते.

एसटी. शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, आणि काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बस मुलींसाठी धावतात. पास मिळणं वेगळं आणि शाळा सुटल्यावर गाडी मिळणं वेगळं. शेवटच्या तासाला गाडीसाठी उठून जावं लागत असेल तर वर्षभर त्या तासाचा विषय बुडतो. एक आठवडा स्वतः वेळ टिपून बघा.

देणगी मागितली तर पावती मागा. प्रवेशासाठी देणगी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे.

## पायरी ८ : निर्णय

एका मोठ्या कागदावर शाळा आडव्या आणि बाबी उभ्या लिहा. बेरीज करून गुण देऊ नका. तसं केलं तर बस आणि इमारतीचे गुण गणिताच्या शिक्षकाची उणीव झाकून टाकतात. त्याऐवजी चाळण लावा:

1. दहावीपर्यंत मान्यता नाही, ती शाळा बाद.
2. गणित किंवा विज्ञानाला टिकणारा शिक्षक नाही, ती बाद. सगळ्याच शाळांत ही अडचण असेल तर जिथे तीनपैकी दोन विषय पक्के आहेत ती ठेवा.
3. नववीतून दरवर्षी मुलं गळतात आणि तुमचं मूल मध्यम किंवा कच्चं आहे, तर ती बाद.
4. रोजचा प्रवास जाऊन-येऊन दोन तासांच्या वर जातो, तर फार मोठं कारण असल्याशिवाय नको.
5. उरलेल्यांत आपल्या गावच्या मध्यम मुलांचं जिथे जास्त भलं झालं ती पहिली.
6. दोन शाळा सारख्या ठरल्या तर स्वस्त ती घ्या. वाचलेला पैसा अकरावी-बारावीला लागणार आहे.

मुलाला विचारा आणि मुलीलाही विचारा. मुलगा कॉन्व्हेंटात आणि मुलगी झेडपीत, अशी वाटणी अजून घराघरात होते. तक्ता दोघांसाठी एकच वापरा.

## पायरी ९ : प्रवेशानंतरची तपासणी

प्रवेश घेताना शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीची कागदपत्रं यांवर नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे ना, ते अक्षर न् अक्षर जुळवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर हेच उमटतं आणि नंतर दुरुस्तीला फार धावावं लागतं.

पहिल्या महिन्यात वेळापत्रक वहीत उतरवून घ्या आणि रोज कोणते तास झाले त्यावर मुलाला खूण करायला सांगा. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेला जा. दिवाळीआधी पहिल्या सत्राचे तपासलेले पेपर घरी मागवून घ्या आणि पायरी २ मधल्या बारा गणितांची वही शेजारी ठेवा. तीच गणितं आकडे बदलून पुन्हा सोडवायला द्या. आठवीतला हा पेपर हाती असताना शाळा बदलायची वेळ अजून गेलेली नसते. त्या बारापैकी तेव्हाही चार-पाचच सुटत असतील, तर दिवाळीची सुट्टी संपताच ती वही घेऊन गणिताच्या सरांना भेटायला जा.